कलाभवनातली शाळा आणि कारखाना

बडोद्यात आम्ही कलाभवन म्हणतो, तेव्हा अभियांत्रिकीची इमारत डोळ्यांपुढे येते. १८९० मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ते सुरू केले, तेव्हा हेतू निराळा होता. गज्जर सुरतेच्या सुतार घराण्यातले, आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हात चालतो पण शास्त्र ठाऊक नाही, किंवा शास्त्र पाठ आहे पण हात चालत नाही, ही दोन्ही दुखणी त्यांना जवळून माहीत होती. म्हणून रंगकामाबरोबर रसायनशास्त्र, सुतारकामाबरोबर रेखाकला. सारे शक्यतो देशी भाषेत. परिभाषाच नव्हती, तेव्हा गज्जरांनी गुजरातीत पुस्तके लिहवून घेतली. आमच्या मते त्यांचे खरे धाडस हेच.

(मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावरचे डांबर पुढे काढले, तेही याच गज्जरांनी!)

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर इथेच आले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची तंत्रेही त्यांनी इथे हाताळली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे श्रेय आम्ही बडोदेकर कलाभवनाकडे जरा जास्तच ओढतो, पण अगदीच खोटे नाही ते.

१९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्यात सामील झाले. पदवीला मान आला. ज्या कारागिराच्या मुलासाठी गज्जरांनी आपल्या भाषेत पुस्तके करवून घेतली, त्याला त्याच आवारातल्या पदवीवर्गात आज इंग्रजी लागते, आणि बारावीचे गुणही.