गंजकी फियाट आणि बाबांचा नंबर

चिपळूणजवळच्या एका वाडीत फणसाच्या झाडाखाली एक पद्मिनी उभी आहे, 1984 ची, किंमत पस्तीस हजार, असं मित्राने कळवलं तेव्हा मी हो म्हणूनच बसलो होतो. पस्तीस हजारात हल्ली धड मोबाईल येत नाही! आणि फियाट म्हटलं की आमच्या घरात एक जुनी गोष्ट निघतेच. बाबांनी ऐंशीच्या आसपास फियाटचा नंबर लावला होता. काही वर्षांनी नंबर लागला, तेव्हा साठवलेले पैसे आजोबांच्या ऑपरेशनला गेले होते. नंबर सोडून दिला. पुढे गाडी घेतली ती मी, आणि ती फियाट नव्हती. म्हटलं, बाबांना आता तरी त्यांची गाडी मिळू दे.

जायच्या आधी या गाडीची कुंडली जरा मांडून बघितली. तिचं मूळ आपल्या सोलापूरच्या माणसापर्यंत जातं. वालचंद हिराचंद म्हणजे जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींच्या मागे लागलेला अफाट माणूस. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या मात्र अमेरिकन, क्रायस्लरच्या. फियाटशी संबंध नंतर जुळला. वालचंद 1953 साली गेले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी फियाटने इटलीत नवी 1100 बाजारात आणली. आपल्या पद्मिनीची पणजी तीच. 1964 साली लालबहादूर शास्त्रींनी कर्ज काढून घेतलेली गाडीसुद्धा फियाटच. 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव आलं, पण लोकांच्या तोंडी 'फियाट' राहिलं ते राहिलंच.

त्या 1953 च्या गाडीत एक गोष्ट नवी होती, आणि माझा सगळा निर्णय शेवटी तिथेच येऊन अडकला. जुन्या गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर बॉडी बसवलेली असे. हिला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. गाडी हलकी होते, पेट्रोल कमी खाते, 1089 सीसीचं छोटं इंजिन पुरतं. पण पत्रा गंजला की नुसतं रूप जात नाही, गाडीचा कणाच जातो.

रविवारी गेलो. बाबा आणि ओळखीचे एक मेकॅनिक बरोबर होते. मेकॅनिककाकांनी हयातभर मुंबईच्या टॅक्स्या दुरुस्त केलेल्या. मी बॉनेट उघडायला धावलो तर म्हणाले, "ते राहू दे. इंजिन मी एका आठवड्यात उभं करीन. आधी खाली बघू." खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून ते दारांखालच्या पट्टीवरून फिरवू लागले. चुंबक चिकटलं की पत्रा, नाही चिकटलं की नुसती पुट्टी आणि रंग. वीतभर चिकटायचं, मग हातभर नाही. पुढचं मॅटिंग उचललं तर खाली फणसाची पानं दिसली. जमिनीवरची! शेवटी जॅक लावून गाडी एका बाजूने उचलली आणि मला म्हणाले, "आता दार लाव." दार लागेना. पेटी मधे वाकत होती.

कोकणातला पाऊस आणि खारी हवा, त्यात मॅटिंगखाली वर्षानुवर्षं साचलेली ओल. दुसरं काय होणार?

मी तरी हट्ट सोडेना. पत्रा नवा घालू म्हटलं. काकांनी मग दुसरा हिशेब सांगितला. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं, तरी पुढची वीस वर्षं सुटे भाग मिळत राहिले ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. गिऱ्हाईक गेलं, तसे भाग ठेवणारे दुकानदारही कमी होत चालले.

आणि कागदपत्रं? आरसी बुक मालकाच्या वडिलांच्या नावावर. ते वारले, नाव बदललेलं नाही, नोंदणीची मुदत कधीच संपलेली. 2021 च्या नियमांनी जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली खरी, पण त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ही पन्नाशी गाठणार 2034 मध्ये. शिवाय व्हिंटेज गाडी रोज बाजारात न्यायची नसते.

एवढा वेळ बाबा गाडीत बसून होते. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा उगाच वर-खाली करत होते. मी जरा ओशाळून म्हटलं, "बाबा, जमेलसं दिसत नाही. तुमची फियाट राहिलीच."

ते म्हणाले, "अरे, मला फियाटच हवी होती असं कुठे होतं? गाडी हवी होती. अँबॅसिडर झेपणारी नव्हती, म्हणून हिचा नंबर लावला."

परत येताना ते डोक्यात घोळत राहिलं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, दुकानात जाऊन पसंत करायला फारसं काही नव्हतंच. त्या रांगेत उभं राहण्यातली अगतिकता गेली, आणि आठवणीत तेवढी गाडी राहिली. त्यातही आठवण बाबांची कमी आणि माझीच जास्त होती बहुतेक.

तुम्ही अशी एखादी गाडी बघायला निघाला असाल तर चुंबक, जॅक आणि आरसी बुक या क्रमाने बघा. इंजिन सगळ्यात शेवटी. मी घेतली नाही.

असो. बाबांनी मात्र निघताना दार तीनदा लावून बघितलं. जॅक काढल्यावर ते लागलं.