व्यंगचित्रातलं अक्षर

मंडळी, परवा आपल्या गावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांवरचं व्यंगचित्र फिरलं. खाली नाव नाही, सही नाही. तरी तासाभरात चित्र काढणाऱ्या पोराच्या घरी एका ‘कार्यकर्त्या’चा फोन. ओळखलं कशावरून? अक्षरावरून! पोरगा गणपती मंडळांचे बोर्ड रंगवतो, त्याचा ‘ख’ अख्ख्या पेठेला पाठ आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय.

खिळ्यांच्या छपाईत चित्राचा जस्ताचा ब्लॉक बनायचा. फुग्यात हाताने लिहिलेलं चित्रासोबत जसंच्या तसं उमटायचं. चित्राखालची ओळ मात्र कंपोझिटर खिळे जुळवून बसवायचा. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून टाइम्समध्ये. तो स्वतः गप्प, बोलायचे भोवतालचे, आणि ते बोलणं खाली सरळ टाइपात. तिथे ते शोभायचं, कारण पुढारी अगदी गंभीर चेहऱ्याने मूर्खासारखं बोलतोय, हीच तर गंमत. शि. द. फडणीसांनी शब्दच काढून टाकले. साडीवरची मांजरं आणि शर्टावरचे उंदीर, सांगायचं काय राहिलं?

मग डीटीपी आलं. मी एका साप्ताहिकात होतो तेव्हा चित्रकाराचं अक्षर खोडून तिथे फॉन्ट टाकायचे. ‘स्वच्छ दिसतं’ म्हणे. चित्रातला साहेब घामाघूम, आणि त्याच्या तोंडची अक्षरं लग्नपत्रिकेसारखी ताठ! हसणार कसं? (मीही तेव्हा गप्पच बसलो, खोटं कशाला बोलू.)

आता मोबाइलवर हाताचं अक्षर परत आलंय. रचिता तनेजा यांचं ‘सॅनिटरी पॅनल्स’ बघा. २०१४ पासून चालू आहे. काड्यांची माणसं, वहीच्या शेवटच्या पानावर खरडल्यासारखं अक्षर. बघणाऱ्याला वाटतं, हे तर मीही काढलं असतं. पण त्याच काड्यांवरून डिसेंबर २०२० मध्ये ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईला संमती दिली. २०२४ मध्ये त्यांना कोफी अन्नान यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला. रेष कच्ची असली म्हणून चिमटा कच्चा नसतो.

मी त्या पोराला म्हटलं, बाबा, पुढचं चित्र फॉन्टमध्ये टाक, वाचशील. तर म्हणतो, “काका, मग तो जोक राहत नाही, नगरपालिकेची नोटीस वाटते.”

पुढचं चित्र तयार आहे. विषय पाण्याची टाकी. त्याला विचारूनच उद्या इथे टाकतो.