फुटबॉलच्या बुटाचें वजन

१८६३ सालच्या डिसेंबरांत लंडन येथें कांहीं क्लबांच्या प्रतिनिधींनीं फुटबॉलच्या खेळाचे तेरा नियम कायम केले. त्यांतला शेवटचा नियम चेंडूविषयीं नाहीं, गोलाविषयींही नाहीं. तो पायांतल्या बुटांविषयीं आहे. बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चाचे तुकडे तळाला अगर टाचेला लावून कोणीं खेळूं नये, अशी त्याची आज्ञा. असा नियम करावा लागला, यावरूनच तसले बूट घालून येणारे महाभाग त्या काळीं थोडेथोडके नसावेत हें उघड होतें. प्रतिपक्षाच्या नडगीवर त्यांचा काय प्रसाद उमटत असेल, याची कल्पना आपणच करावी.

फुटबॉलसाठीं मुद्दाम बूट करविण्याची हौस मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें १५२६ सालीं असा एक जोड चार शिलिंगांस करवून घेतल्याची नोंद त्याच्या कोठाराच्या हिशेबांत सांपडते. पण राजाची हौस प्रजेला कोठून परवडणार? एकोणिसाव्या शतकांतला कामकरी खेळाडू कारखान्यांत घालावयाचे बूटच घालून मैदानांत उतरे. पुढें त्या शतकाच्या अखेरीस चामड्याचे, अर्ध्या इंचाहून उंच नसलेले स्टड लावण्यास परवानगी मिळाली, आणि खास फुटबॉलचा म्हणून जो बूट तयार झाला तो पन्नास वर्षें फारसा बदलला नाहीं. घोट्याच्या वर चढणारें जाड कातडें, बोटांपुढें दगडासारखें कठीण टोपण, आणि खालीं चकत्यांवर चकत्या ठोकून बसविलेले स्टड. सुका असतांना एकेक बूट अर्ध्या किलोच्या घरांत जाई. चिखलांत भिजला म्हणजे त्याचें वजन जवळजवळ दुप्पट होई.

खिशांत अर्धा किलो वजन घेऊन धांवणें आणि तेंच वजन पायाच्या टोकाला बांधून धांवणें यांत महदंतर आहे. पाय हा कमरेपासून झोके घेणारा लंबकच होय. त्याच्या टोकाशीं असलेला प्रत्येक तोळा दर पावलागणिक उचलावा लागतो, पुढें फेंकावा लागतो, आणि दिशा बदलावयाची तर आवरावाही लागतो. धांवपटूंवरील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, दर बुटाचें वजन १०० ग्रॅमनें वाढलें म्हणजे प्राणवायूची गरज सुमारें एक टक्क्यानें वाढते. हा झाला सरळ धांवण्याचा हिशेब. हुलकावणी देऊन अंगावरून निसटणाऱ्या खेळाडूला जो क्षणार्धाचा उशीर नडतो, तो यांत धरलेला नाहीं.

मग इंग्रजांनीं हें ओझें इतकीं वर्षें कां वाहिलें? कारण त्यांच्या लेखीं बूट हें चिलखत होतें. मैदान चिखलाचें, चेंडूही कातड्याचा व पाणी पिऊन जड झालेला, आणि लाथाळीला तोटा नाहीं. अशा खेळांत वेगाआधीं रक्षणाचा विचार झाला, यांत नवल तें काय?

या तराजूचें दुसरें पारडें आपल्या देशांत होतें. येथें बुटाचें वजन शून्य होतें. १९११ सालीं मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां त्याच्या अकरांपैकीं एकाच्याच पायांत बूट होते. सुक्या जमिनीवर उघडें पाऊल चेंडूला बिलगतें, त्याला चेंडूची नस कळते. पाऊस पडला कीं मात्र तें घसरतें. हें ओळखून कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें १९३४ च्या सुमारास ओल्या मैदानावर बूट घालण्याचा प्रघात पाडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपला बहुतेक संघ अनवाणीच खेळला व फ्रान्सकडून २-१ असा हरला. दोन पेनल्टी फुकट गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागता. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलों नाहीं, अशी एक कथा अजून सांगितली जाते. कथा गोड आहे, पण आपल्या संघटनेला त्या स्पर्धेचें महत्त्वच वाटलें नाहीं, हें अधिक खरें.

ज्या ब्राझीलला आपण गेलों नाहीं, तेथेंच बुटाच्या इतिहासाला वळण लागलें. इंग्लंडचा विख्यात खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज यानें तेथें घोट्याखालीं कापलेले, मऊ व हलके बूट पाहिले. कोरड्या, कठीण मैदानांवर खेळणाऱ्यांना चिलखताची गरज भासली नव्हती. मॅथ्यूजनें परत येऊन यॉर्कशायरमधील हेकमंडवाइक येथील सहकारी संस्थेच्या कारखान्यांतून तसे बूट करवून घेतले. ते इतके नाजूक कीं, थोड्याच सामन्यांत झिजून जात. त्याला त्याची पर्वा नव्हती. हलकेपणाची किंमत टिकाऊपणानें मोजावी लागते, हा सौदा त्यानें डोळे उघडे ठेवून पत्करला होता.

४ जुलै १९५४ रोजीं बर्न येथें पावसांत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. गटांतील सामन्यांत ८-३ नें मार खाल्लेल्या पश्चिम जर्मनीनें हंगेरीला ३-२ असें हरविलें. जर्मन संघाबरोबर आडी डासलर नांवाचा कारखानदार होता. त्याच्या हलक्या बुटांना स्क्रूनें बदलतां येणारे स्टड होते, आणि चिखल पाहून त्यानें लांब स्टड बसविले. (या युक्तीचा पहिला मान आपला, असें त्याच्याशीं भांडून वेगळा झालेला भाऊ रुडॉल्फ याच्या कंपनीचें म्हणणें आहे. भाऊबंदकी तिकडेही आहेच!) विजयाचें सारें श्रेय या स्टडांना देणें हा जाहिरातवाल्यांचा उद्योग होय, हंगेरीचा कर्णधार पुश्काश दुखऱ्या घोट्यानें खेळत होता, हें विसरतां कामा नये.

इकडे १९५२ सालीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें आपला १०-१ असा फडशा पाडला, आणि त्यानंतर आपल्या खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. म्हणजे जग पायांतलें ओझें उतरवीत होतें, नेमक्या त्याच वेळीं आपण तें चढविलें. परंतु मला वाटतें, हा उशीर आपल्या पथ्यावरच पडला. अर्ध्या किलोच्या बुटांचें युग मावळत असतांना आपण बुटांत शिरलों. १९५६ सालीं मेलबर्नला नेव्हिल डिसूझा या आसगांवच्या गोमंतकीयानें, मुंबईच्या टाटा संघाच्या खेळाडूनें, ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. भारत ४-२ नें जिंकला व स्पर्धेंत चौथा आला. उघड्या पावलाची नजाकत बुटांतही टिकते, हें त्या दिवशीं दिसलें.

पुढचा प्रवास मुख्यतः वस्तूंचा आहे. चामड्याच्या तळाऐवजीं प्लास्टिक व नायलॉन आलें. वर कांगारूचें कातडें आलें, तें पातळ असून चिवट. पण कातडें कोणतेंही असो, तें पाणी पितें. ती खोड १९९८ सालीं मोडली. ब्राझीलच्या रोनाल्डोसाठीं नाइकी कंपनीनें कृत्रिम कातड्याचा, धांवपटूंच्या बुटावरून सुचलेला, सुमारें २०० ग्रॅमचा बूट काढला. मग कंपन्यांत चढाओढ लागली. २०१० सालीं आडिडासनें १६५ ग्रॅमचा बूट बाजारांत आणला, आणि २०१५ सालीं तर ९९ ग्रॅमचा. ९९ ग्रॅम म्हणजे साडेआठ तोळे. लग्नघरांत याहून जड दागिने निघतील.

तेथें मात्र चढाओढ थबकली. याहून कमी करावयाचें तर तळ कापावा लागतो, आणि तळाला ताठपणा नसेल तर स्टडचा दाब थेट पावलाला बोंचतो. २००२ मध्यें बेकहॅमच्या आणि २००६ मध्यें रूनीच्या पावलाचें हाड मोडलें, तेव्हां इंग्लंडांत हलक्या बुटांवर संशय घेण्यांत आला. आरोप सिद्ध झालेला नाहीं. आघात, सामन्यांची गर्दी, कठीण मैदानें अशीं इतरही कारणें आहेत. तरी पावलावर पाय पडतो तेव्हां मध्यें कागदाएवढा पापुद्राच असतो, हें कोणीं नाकारीत नाहीं. आज दुकानांत मिळणारे बहुतेक बूट पुन्हां २०० ग्रॅमच्या आसपास आले आहेत. नियमांत पादत्राण सक्तीचें आहे. तें किती हलकें असावें याविषयीं नियम कांहींच बोलत नाहीं.