ओवीतून आलेला ख्रिस्त

देवाची गोष्ट पोराबाळांपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न प्रत्येक धर्मातल्या मोठ्या माणसांना पडतो. मुलं म्हणतात, कंटाळा येतो. आज आपण बघू, आपल्याच मुलखातल्या ख्रिस्ती लोकांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं.

आधी गोव्यात जाऊ. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री 1579 मध्ये तिथं आले. लोक नव्यानं ख्रिस्ती झाले होते. जुनी पुराणं ऐकायला बंदी, आणि नवं ऐकावं असं गोड काही हाती नाही. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. चर्चमध्ये मुलांची धर्माची शिकवण चालली असताना एक जण पुढं येऊन म्हणतो, की शिकवण ठीक आहे, पण आमच्या भाषेत एखादं पुराण असतं तर बरं झालं असतं. ही मागणी स्टीफन्स यांनी मनावर घेतली. मराठी शिकून त्यांनी सुमारे 11 हजार ओव्या रचल्या. 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. ओवी मात्र आपलीच, ज्ञानेश्वरांची, जात्यावरची. लोक जमून ती ऐकू लागले.

पुढं 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. भाषाच गेली तर ओवी कुठं राहणार? पण लोकांनी ग्रंथ हातानं उतरवून ठेवले, म्हणून तो टिकला. 1907 मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

आता अहमदनगरकडे येऊ. तिथं अमेरिकन मिशनचं काम होतं. उपासनेतली बरीच गीतं इंग्रजीवरून आलेली, चालीही परक्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या चालीत गीतं रचली. टाळ वाजले, पेटी वाजली आणि ऐकणाऱ्याला वाटलं, हे तर आपलंच आहे. टिळकांनी मुलांसाठीही लिहिलं.

त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं, पण 1919 मध्ये ते वारले. अकराएक अध्यायच झाले होते. पुढचं काम कुणी केलं? लक्ष्मीबाईंनी. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडूनच झाली. त्या बाईनं साठाहून जास्त अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ बाहेर आला.

मैत्रिणींनो, यात आपल्या घेण्यासारखं काय? पोरांना बोलवायचं तर त्यांच्या कानाला ओळखीचा सूर हवा, हे या मंडळींनी ओळखलं. आज मुलांच्या कानात दुसरे सूर आहेत. काही ठिकाणी तरुण मंडळी गिटार घेऊन उपासनेत उभी राहतात, नाताळला नाटक बसवतात. म्हाताऱ्यांना ते रुचत नाही. पण टाळ-पेटीसुद्धा एकेकाळी चर्चमध्ये नवीनच होती, हे आपण विसरायला नको.

दुसरी बाजूही आहे. नवं आलं म्हणून जुनं गाणं मुक्यानं मरू नये. वसईकडच्या ख्रिस्ती बायका लग्नात आपल्या बोलीत गाणी म्हणतात. तुमच्याकडेही, धर्म कुठलाही असो, आजीच्या तोंडी अशी गाणी असतील. गटाच्या पुढच्या बैठकीला एखाद्या शाळकरी मुलीला वही घेऊन बसवा आणि आजीला गायला सांगा.