गिल, रॉबर्ट

(१८०४–१८७९). ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतील अधिकारी, चित्रकार व छायाचित्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र त्यांची छायाचित्रेच अधिक मोलाची आहेत.

नेमणूक : वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि भित्तिचित्रांच्या पडझडीकडे लक्ष वेधले. सोसायटीने पाठपुरावा केल्यावर कंपनीने १८४४ मध्ये प्रतिकृतींचे काम गिल यांच्याकडे सोपवले. त्यांचा मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत असे. गाव निजामाच्या मुलखात. पलीकडचे वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्यातील आजचा बुलढाणा जिल्हा हा गिल यांचा शेजार.

प्रतिकृती : पुढच्या सुमारे दोन दशकांत त्यांनी तैलरंगांत जवळजवळ भित्तिचित्रांच्याच मापाच्या तीसेक प्रतिकृती करून लंडनला पाठवल्या. त्यांपैकी बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळाल्या, मोजक्याच वाचल्या. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांची कमाई अशी एका फटक्यात गेली. पुन्हा काम सुरू करण्याची त्यांची इच्छा होती, पण गेलेले भरून आले नाही.

छायाचित्रण : १८५० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांचा भर त्रिमितीदर्शक, म्हणजे दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर होता. डोळ्यांइतक्या अंतरावरून टिपलेली दोन चित्रे दर्शकातून पाहिली की खांब, कोनाडे, मूर्ती यांची खोली जाणवते. त्या काळच्या ओल्या पाटीच्या पद्धतीत काच कलोडियनने माखायची, अंधारात रजताच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची; उन्हाळ्यात तर मिनिटांचा हिशेब. काचा, रसायने, पाणी आणि अंधारा तंबू असा सरंजाम बैलगाडीच्या वाटेने न्यावा लागे. ही रसायने तांबड्या-पिवळ्या रंगांना जवळजवळ आंधळी होती. म्हणून चित्रांसाठी कुंचला आणि दगडी कामासाठी कॅमेरा अशी वाटणी गिल यांच्या कामात दिसते. कोशकाराच्या मते ही वाटणीच त्यांच्या जाणकारीची खूण आहे.

१८६४ मध्ये लंडनहून त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० त्रिमितीदर्शक चित्रे. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसन यांचा आहे.

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या देवळांची गिल यांनी घेतलेली छायाचित्रे ही या परिसराच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी होत. ब्रिटिश अधिकारी जेम्स एडवर्ड अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये लोणारला आणि पुढच्याच वर्षी अजिंठ्याला भेट दिली होती. लोणारचे सुमारे १.८ किमी. व्यासाचे विवर तेव्हा ज्वालामुखीचे मानले जाई. उल्कापाताचा निर्वाळा विसाव्या शतकातला. गावातील दैत्यसूदन मंदिराच्या बाह्य भिंती तारकाकृती विन्यासामुळे कोनाकोनांनी मोडत जातात. तिरप्या उन्हात प्रत्येक कोनावर सावलीची उभी रेघ उमटते आणि मूर्तिपट्ट वाचता येतात. अशा वास्तूला त्रिमितीदर्शक कॅमेरा फार मानवतो. शिखर नसलेले हे मंदिर पुढे बरेच डागडुजीतून गेले. कोणता दगड कुठे होता, हे ठरवायला अशी चित्रे पुराव्यादाखल उपयोगी पडतात.

खाजगी जीवन : अजिंठा येथे गिल यांनी पारो या स्थानिक स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेले थडगे असून त्यावर १८५६ हे साल आहे. तिच्या कुळाविषयी मतभेद आहेत. ना. धों. महानोर यांचे दीर्घकाव्य आणि २०१२ चा ‘अजिंठा’ हा चित्रपट गिल आणि पारो यांच्या कथेवर आधारलेले आहेत.

वारसा : गिल यांच्या प्रतिकृती जळाल्यानंतर अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे काम विद्यार्थ्यांच्या हाती गेले ते १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्यामुळे.

गिल यांचे दफन भुसावळ येथे झाले. लोणारच्या मंदिरांच्या दुरुस्तीचे काम ज्यांच्याकडे येईल, त्यांनी गिल यांची छायाचित्रे आधी समोर ठेवावीत.