कोंबडी जातीची, खात्री कोणाची?

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत आता परसदार शोधावं लागतं. शेजारच्या हिंजवडीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयटी पार्क उभं राहू लागलं, पाठोपाठ मारुंजीच्या रानात टोलेजंग गृहसंकुलं आली. कोंबडीला खुराडं लागतं, उकिरडा लागतो, संध्याकाळी डालग्याखाली झाकणारं माणूस लागतं. बाराव्या मजल्यावर यातलं काहीच नाही. गंमत अशी की ‘गावरान’ अंड्याला चढा भाव देणारं गिऱ्हाईक राहतं तिथंच. विकत घेताना ते एकच प्रश्न विचारतं, ‘खरंच गावरान आहे ना?’ उत्तर बहुधा विक्रेत्याच्या चेहऱ्यावरूनच ताडावं लागतं.

या भागातल्या कोंबड्यांची बारकाईनं नोंद करणाऱ्यांत विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी फार आधीचा. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. जमीन, पिकं, पाऊस मोजता मोजता हा गृहस्थ पक्षीही टिपत गेला, त्यांच्या मराठी नावांसकट. १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तीत सह्याद्रीतला करडा रानकोंबडा आहे आणि युरोपीय लोक ज्याला ‘कुल्म कॉक’ म्हणत तो उंच, दांडगा पाळीव कोंबडाही. साइक्सकडचा असा एक कोंबडा डोक्यापर्यंत २६ इंच भरला. हा पक्षी दख्खनच्या रानात आढळत नाही, तो मुसलमानांनी सुमात्रा किंवा जावाहून आणला असावा, असा त्याचा तर्क. तर्क त्यानं तर्क म्हणूनच लिहिला, हे महत्त्वाचं. १८३१ मध्ये दोन नर आणि एक मादी घेऊन तो इंग्लंडात उतरला. कोंबडीनं तिथला हिवाळा सोसला, अंडी दिली, पिल्लंही वाढवली.

करड्या रानकोंबड्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, हे खरं. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आणि पायांचा जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे ज्यांना शुद्ध जाती म्हणून मिरवलं जातं त्यांच्यातही जुना संकर आहेच. शुद्धता म्हणजे कोणीतरी काही पिढ्या नेटानं केलेली निवड. ती मोडायला मात्र कुंपण ओलांडून आलेला एक कोंबडा पुरतो.

साइक्सनंतर वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेला कोंबड्यांचं वेडच लागलं. बोस्टनच्या जॉर्ज बर्नहॅमनं आपल्या कोंबड्या १८५२ मध्ये थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या आणि भाव चढवून घेतला. ज्या थोराड कोंबड्या ‘ब्रह्मपुत्रा’ नावानं विकल्या जात, त्यांचं रक्त मुख्यतः शांघायकडचं. तरी नाव चिकटलं. आजही ‘ब्रह्मा’ कोंबडी हौशी लोक भारतातच महागात घेतात. १८५५ मध्ये बर्नहॅमनं या वेडावर पुस्तक लिहून गिऱ्हाइकांची यथेच्छ टिंगल केली. अशा बाजाराला लगाम म्हणून अमेरिकेत १८७३ मध्ये कोंबडीपालकांची संघटना निघाली आणि पुढच्या वर्षी जातींची प्रमाणं छापली गेली. तुरा कसा, पाय कसे, पिसं कशी. पण प्रमाण अंग पाहतं, आई-बाप पाहत नाही.

पुण्यात ओघ उलटा वाहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरण होतं ते गावठी कोंबडे काढून ऱ्होड आयलंड रेड किंवा व्हाइट लेगहॉर्न नर ठेवायचं, म्हणजे अंडी वाढतील. खडकीच्या अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणांहून सुधारित पिल्लं गावोगाव गेली. हेतू चांगलाच होता. मात्र त्यानंतरच्या ‘अस्सल गावरान’ कोंबडीच्या अंगात थोडंफार विलायती रक्त असणारच. मग बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग आला आणि पुढे पुणे त्याचं मुख्य ठाणं झालं. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी संकरित कोंबडी खुडूक बसत नाही. ती सवयच निवडीत काढून टाकलेली असते. तिची पिल्लं पाळून तेच गुण मिळतही नाहीत, त्यामुळे दर खेपेला पिल्लं विकतच आणावी लागतात. कोंबडा निवडणं, रवणीला अंडी बसवणं, चांगली तलंग राखून ठेवणं ही घरच्या बाईची विद्या इथं निकालात निघाली.

मग कडकनाथ आला. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तुरा, जीभ, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळं काळसर. अंडं मात्र फिक्या तपकिरी रंगाचं. काळी अंडी दाखवून विकणारा सरळ थाप मारतो. खरी पंचाईत पुढे आहे. कातडीचा काळेपणा आणणारा जनुक प्रभावी असतो. कडकनाथ नर पिवळ्या पायांच्या गावठी कोंबडीवर सोडला, तर नर पिल्लं बरीच उजळ निघतात, पण माद्या चांगल्या काळ्या. कारण काळेपणा दाबणारा गावठी जनुक आईकडून फक्त मुलग्यांकडे जातो. विकणाऱ्यानं उजळ नर वेगळे काढले आणि माद्या ‘कडकनाथ’ म्हणून दिल्या, तर नुसतं चोच उघडून पाहणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. भांडं फुटतं पुढच्या पिढीत. त्यामुळे प्रामाणिक विक्रेता एक पक्षी हातात देऊन थांबत नाही. तो नर-मादीचा मूळ थवा दाखवतो, दोन्ही लिंगांची भावंडं दाखवतो, पिल्लं कोणत्या आठवड्यातली आणि मानमोडीची लस कधी टोचली ते वहीतून वाचून सांगतो.

२०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात तर कोंबडीची जात तपासण्याची वेळच आली नाही. पैसे भरा, पिल्लं-खाद्य घ्या, अंडी आम्हीच चढ्या दरानं उचलू, असा तो करार होता. खाद्य बंद झालं, खरेदी थांबली, हजारो शेतकरी अडकले. त्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर चिडलेल्या कार्यकर्त्यांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. ज्या धंद्यात माल खाणाऱ्यापर्यंत पोचतच नाही आणि नफा फक्त पुढच्या पाळणाऱ्याच्या पैशांतून येतो, त्याला पैदास म्हणणं चुकीचं आहे.

महाराष्ट्राची म्हणावी अशी नोंदणीकृत जात खरं तर वेगळीच आहे, बुसरा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत ती गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या नावावर आहे. तिचा मुलूख नंदुरबारकडचा आदिवासी पट्टा. लहान चणीची, रंगांना धरबंध नसलेली, वर्षाला पन्नासेक अंडी देणारी कोंबडी. याच मुलखातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. बाधित फार्मभोवतीच्या तीन किलोमीटरांत पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्यांबरोबर अंगणातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. पोल्ट्रीवाल्यांनी नवी पिल्लं मागवून शेड पुन्हा भरली. अंगणातल्या थव्याला तसं मागवायचं ठिकाण नव्हतं. शेजारच्या पाड्यावरून, पाहुण्यांकडून जी मिळेल ती कोंबडी आणून पुन्हा सुरुवात. बुसऱ्याच्या नावावर अजून कोणी शेतकऱ्यांना बुडवल्याचं ऐकिवात नाही, कारण पुण्या-मुंबईच्या बाजारात हे नाव विचारणारं गिऱ्हाईकच भेटत नाही.