मोडले हाड, झिजले स्नायू

राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेवर एखाद्याचा पाय घसरतो आणि नडगीचे हाड मोडते. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर काढले की पोटरी बारीक झालेली दिसते. पाय हलला नाही म्हणून वाळला, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच.

उरलेले अर्धे १९३०च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन यांना सापडले. हाडे मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील कॅल्शियम, फॉस्फरस मोजताना त्यांनी नायट्रोजन आणि गंधकही मोजले. नुसते निजून राहणाऱ्या निरोगी माणसाचाही थोडा नायट्रोजन जातो. या रुग्णांचा त्याहून बराच अधिक जात होता आणि नायट्रोजन-गंधकाचे प्रमाण स्नायूंशी जुळत होते. म्हणजे धडधाकट स्नायूही झिजत होते.

गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिने. स्नायूंत तीन-चतुर्थांश पाणी असल्याने हे झाले जवळजवळ ३० ग्रॅम स्नायू. रोज १० ग्रॅमची तूट आली, तर पाव किलोहून अधिक!

हे जाते कुठे? यकृतात. शस्त्रक्रिया हीदेखील शरीराच्या लेखी जखमच. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, स्नायूंतील प्रथिने फुटतात आणि अमिनो आम्ले यकृताकडे निघतात. यकृत त्यांतून ग्लुकोज बनवते, नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. शिवाय नेहमीचे अल्ब्युमिन कमी करून रक्त गोठवणारी, जंतूंशी लढणारी प्रथिने बनवू लागते.

रुग्णांना भरपूर प्रथिने खाऊ घालून तूट कमी झाली, थांबली नाही. मग संप्रेरकाला संप्रेरकानेच उत्तर द्यावे, हा विचार आला. १९४१ मध्ये कथबर्टसन आणि सहकाऱ्यांनी मांडीचे हाड मोडलेल्या उंदरांना पियूषिका ग्रंथीचा अर्क दिला. गळती कमी झाली. माणसासाठी मात्र वाढ-संप्रेरक मृतांच्या ग्रंथींतून मिळवावे लागे, तेही थेंबाथेंबाने. १९८५ मध्ये जनुकतंत्राने बनविलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि शस्त्रक्रियेनंतर ते देण्याचे प्रयोग वाढले. युरिया घटला, नायट्रोजनचा ताळेबंद सुधारला. सगळे खूष!

१९९९ मध्ये अत्यवस्थ रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. फिनलंडमध्ये संप्रेरक दिलेल्यांपैकी ३९ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २०. अनेक देशांतील दुसऱ्या चाचणीत ४४ आणि १८. ताळेबंद सुधारला होता. माणसे मात्र अधिक मेली. एक तर्क असा की, स्नायूंतून सुटणारे ग्लुटामिन यकृताला आणि रोगप्रतिकारक पेशींना हवे असते. नळ बंद केला, तर तेच उपाशी राहतात.